आधी अंगठा कोणाचा

तो विहिरी खोदायचा. सगळे त्याला पहार म्हणत. एकदा रोवली की हलत नाही म्हणून.

वाटणीत त्याला रस्त्याकडचा तुकडा मिळाला, धाकट्या भावाला खालचा. पाणी खालच्या तुकड्यात लागणार, हे पहारला दिसत होतं. धाकट्याला रस्ता हवा होता. दोघांनी तोंडी अदलाबदल केली. पहारने खडक फोडून विहीर काढली, धाकट्याने रस्त्याकडे घर बांधलं. कागदाला कुणी हात लावला नाही.

मग सगळ्या नोंदी संगणकात चढल्या. महिनाअखेरपर्यंत दुरुस्ती, नंतर कागदावर असेल तेच कायम. म्हणजे विहीर धाकट्याची आणि धाकट्याचं घर पहारचं. धाकटा रोज म्हणे, जाऊ उद्या. पहारची बायको म्हणाली, भाऊजी तसे नाहीत. मग उद्या-उद्या का करतो, पहारने विचारलं.

एका सकाळी तो गुपचूप कचेरीत गेला. रांगेत पुढे धाकटाच उभा.

"दादा, तू इकडे कुठे?"

"तू सांग आधी."

धाकटा चौकशीला आला होता म्हणे. पहारही चौकशीलाच आला होता.

खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, मशीनला अदलाबदल कळत नाही. आधी एकाने द्यायचं, मग दुसऱ्याने. मधे मिनिटभर दोन्ही तुकडे एकाच्याच नावावर.

दोघंही खिडकीपासून मागे सरकले.

"विहिरीत उतरायचास तेव्हा दोर माझ्या हातात असायचा, दादा. तेव्हा बरा विश्वास होता."

"तेव्हा विहीर अर्धी होती."

मागचे लोक कुरकुरू लागले. पहारने विचार केला. विहीर कागदावर गेलेलीच आहे. आपल्या हातात आहे ते धाकट्याचं घर, आणि त्याची एक वीटही आपण उचललेली नाही. फुकटचं धरून बसणं त्याला जमेना. त्याने अंगठा ठेवला.

त्याचं देणं नोंदलं गेलं आणि मशीन बंद पडलं. जेवणानंतर या, बाई म्हणाल्या.

पहारने धाकट्याची बाही धरली ती सोडली नाही. धाकटा लघवीला गेला, तर हा दाराबाहेर उभा.

"जमीन काखेत मारून पळतोय का मी?" धाकटा आतून म्हणाला. पहार हसला नाही.

मशीन सुरू झालं. धाकट्याने अंगठा सदऱ्याला दोनदा पुसला, जरा जास्तच वेळ लावला, मग ठेवला. पहारने बाईंना पडदा वळवायला लावला, स्वतःचं नाव मोठ्याने वाचून घेतलं, छापील कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, "चल, चहा घेऊ."

"थांब," धाकटा खिडकी न सोडता म्हणाला, "माझाही कागद निघू दे."