पुढची बॅच

जालन्यात बायपासला इटालियन रेस्टॉरंट निघालं तेव्हा सगळ्यात जास्त खिदळलो तो मीच. भिंतीला विटांच्या चित्राचा कागद, छताला प्लास्टिकची द्राक्षं, टेबलांवर लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड आणि कोपऱ्यात बार. पहिल्यांदा पास्ता आला तेव्हा आमचा वडीगोद्रीचा मित्र म्हणाला, "हे तं शेवयाच हायेत. गूळ टाकायचा इसरला वाटतं." त्यानं कांदा-लिंबू मागितलं आणि वेटरनं निमूट आणून दिलं. तरी आम्ही तिघं दोन-तीन महिन्यांनी तिथंच बसायचो. बिअर थंड मिळायची आणि सोयऱ्यांपैकी कुणी भेटायची भीती नव्हती.

आम्ही कॉलेजपासूनचे. वडीगोद्रीवाल्याचं हायवेला मोबाईलचं दुकान. मी साखर कारखान्यावर हंगामी कारकून, म्हणजे सहा महिने साहेब आणि सहा महिने बेकार. तिसरा मंठ्याचा. तो सेतू केंद्रात ऑपरेटर होता. उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, पीकविम्याचे अर्ज, सगळं इतक्या झपाट्यानं टाइप करायचा की रांगेतली माणसं त्याच्या बोटांकडे बघत उभी राहायची. मी जे लिहितोय ते त्याच्याबद्दल आहे.

त्या दुपारी आम्ही त्याला निरोप द्यायला बसलो होतो. थायलंडमध्ये नोकरी लागली होती. घरच्यांचा निरोप घेऊन तो सकाळीच मंठ्याहून बॅगसकट आला होता. जेवण झालं की एजंटच्या गाडीतून थेट मुंबई. म्हणून चौथ्या खुर्चीवर एजंट होता.

माणूस चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. आल्या आल्या त्यानं आमच्या मित्राला उठवून भिंतीकडच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्याच्या बाजूला बसला. त्यानं सगळ्यांसाठी मागवलं. स्वतःच्या ताटलीत मात्र गार्लिक ब्रेडचा एकच तुकडा घेतला आणि तोही शेवटपर्यंत तसाच राहिला.

"काट्यानं खायची सवय करा," तो मित्राला म्हणाला. "आता हेच खायचंय."

मित्र काट्याला पास्ता गुंडाळत होता आणि तो सारखा घसरत होता. आम्ही हसलो. एजंटही हसला आणि हसता हसता प्रश्न विचारायला लागला. टायपिंग दोन्ही भाषांत येतं ना? अनोळखी माणसाशी चॅटवर किती वेळ बोलू शकता? गोड बोलता येतं का? घरात कुणी पोलिसात, वकिलीत?

"न्हाई सर," मित्र म्हणाला. "वडील मास्तर होते, आता रिटायर हायेत. एकदम साधं घर."

"छान," एजंट म्हणाला. हे 'छान' मला खटकलं. साधं घर असण्यात छान काय, हे मला तेव्हा समजलं नाही. मी ग्लासात बिअर ओतली.

वडीगोद्रीवाल्यानं विचारलं, "व्हिसा कामाचा हाये ना सर?"

"सध्या टुरिस्ट. तिथं गेल्यावर बदलून देतात. सगळ्यांचं तसंच असतं."

"आन् पासपोर्ट?"

"माझ्याकडे. पोरं हरवतात हो." त्यानं मांडीवरच्या काळ्या बॅगेवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

मित्राच्या बॅगेत आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी होती, चांगला किलोभराचा डबा. एजंट म्हणाला, विमानतळावर अडवतात, ठेवा इथंच. मित्रानं तो डबा माझ्यापुढे सरकवला. "तू खा लेका, वाया कशाला घालतू." त्याचा चेहरा जरासा उतरला होता, पण तो लगेच सावरला.

मग एजंटला फोन आला. तो बाहेर गेला आणि काचेपलीकडे उभा राहून बोलत राहिला. बोलताना आमच्याकडे बघत होता, आणि बैलबाजारात बघतात तसं बघत होता. वडीगोद्रीवाला हळूच म्हणाला, "मला काय हे बराबर वाटून न्हाई राह्यलं. इचार ना त्याला, नेमकं कोन्या गावाला नेऊन राह्यला ते."

मी विचारणार होतो. आमच्या घरी निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारलं की आई पाठीत धपाटा घालायची. निघताना टोकलं की काम बिघडतं म्हणे. मी वडीगोद्रीवाल्याला तेच सांगितलं, "निघताना नको बाबा टोकू." त्यानं ऐकलं, कारण त्याच्याही घरी हेच. गंमत अशी की ज्याला टोकायचं नव्हतं त्याच्या घरी असलं काही मानतच नाहीत. त्याच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशीच हे सगळं उंबऱ्याबाहेर टाकलं होतं. मांजर आडवं गेलं तर त्याचे वडील मुद्दाम पुढे जायचे. त्याला प्रश्नाचं वाईट वाटलं नसतं.

आणि अपशकुनाची तर मी सबब पुढे केली होती. खरं कारण एजंट आत आल्यावर मला माझंच कळलं. त्यानं बसता बसता माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचं टायपिंग कसं आहे?"

मी ताठ बसलो. "चांगलंय सर. कारखान्यावर तेच करतो."

"मग बघू. पुढच्या बॅचला."

त्यानंतर मी त्याच्या प्रत्येक विनोदावर हसलो. वडीगोद्रीवाल्यानं टेबलाखालून पाय मारला तरी हसलो. मला स्वतःचा इतका राग दुसऱ्या कशानंच येत नाही.

निघताना फोटो काढायचा ठरलं. एजंट म्हणाला, "द्या, मी काढतो." पाच-सहा काढले. गाडीत बसताना मित्रानं काच खाली केली आणि म्हणाला, "पोचलो की फोन करतो. बिलकुल टेन्शन घेऊ नका." काच वर गेली. एजंटनं ती पुढून, त्याच्या बटणानं वर केली होती.

आठ दिवस मेसेज आले. खोली, पंखा, एका नदीचा फोटो. मग फोन बंद. चटणी तोवर मी संपवली होती. महिन्यानं त्याचे वडील माझ्याकडे आले आणि आम्ही पोलिसात अर्ज दिला. साहेब म्हणाले, अशा पोरांना तिकडं कोंडून चॅटवर लोकांना फसवायला लावतात. साहेबांनी एजंटचा फोटो मागितला तेव्हा आम्ही सगळे फोटो उघडून बघितले. प्रत्येकात आम्ही तिघंच होतो. नाव विचारलं. आम्ही त्याला दुपारभर 'सर' म्हणत होतो.

चौथ्या महिन्यात, हंगाम ऐन भरात असताना, सकाळी कारखान्यावर मला अनोळखी नंबरवरून फोन आला. "नमस्कार, कसा आहेस? मी इथे अत्यंत मजेत आहे. पगार वेळेवर मिळतो." आवाज त्याचा होता, पण तो माझ्याशी जन्मात असं बोलला नव्हता. मागं कुणीतरी ओरडलं, दार आपटलं आणि मग तो घाईनं कुजबुजला.

"ऐक. दोन पोरं पाठव, टायपिंगवाली. दोघं आली की मला सोडतेत. तू न्हाई यायचं, कळलं का? तू न्हाई. पन दोघं पाठव गड्या, जल्दी. माझ्या पायाला..."

फोन कटला. परत लावला तर लागेना.

ऑफिसात माझ्यासमोरच्या टेबलांवर दोन कारकून उसाच्या पावत्या टाइप करत होते. दोघांचा हात चांगला होता. हंगाम संपला की दोघांनाही काम नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. एका पारड्यात माझा मित्र होता आणि दुसऱ्यात हे दोघं. मला कुणी काही शिकवायची गरज पडली नाही.

त्यातला जवळचा मान वर करून म्हणाला, "काय झालं सर?"

"काही नाही," मी म्हणालो. आणि आपण काय विचारतोय हे कळायच्या आत विचारून बसलो, "लग्न झालंय का रे तुझं?"

तो लाजला. "न्हाई अजून, सर."