वाइन थेट दारात

ईस्ट कोस्टच्या आमच्या काँडोत समोरच्या फ्लॅटमधले वकीलसाहेब प्रत्येक वाक्य ‘मुद्दा असा’ने सुरू करतात. खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, कॉफीवाल्या अंकलनासुद्धा ते आधी इंग्रजीत मुद्दा ऐकवतात, मग साखर कमी करायला सांगतात.

एका अमेरिकन वाइन कंपनीचे खटले ते अमेरिकेपासून इतक्या लांब, इथे बसून सांभाळतात. तिकडे एका राज्यातली बाटली दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाच्या घरी थेट पाठवायची, तर कित्येक ठिकाणी कायदा आडवा येतो. मधे तिथला ठोक व्यापारी लागतोच. त्या व्यापाऱ्याचा विषय निघाला की साहेबांचे कान लाल होतात. “मुद्दा असा, बनवणारा आहे, पिणारा आहे. मधे हा कोण?”

मार्चमध्ये त्यांच्या आई नाशिकहून राहायला आल्या. दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात, माझ्या नावाने, वाइनचं खोकं आलं. मागोमाग साहेब.

“मुद्दा असा,” ते हळूच म्हणाले, “आईला माहीत नाही.”

तेव्हापासून ते रोज संध्याकाळी माझ्याकडे ‘केसवर चर्चा’ करायला येतात. मुलगा फार दमतो म्हणून आई सोबत चिवड्याचा डबा देतात. चिवडा उत्तम असतो, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

काल ते आले ते पडलेल्या चेहऱ्याने.

“खटला हरलो. कोर्ट म्हणतं, मधला माणूस हवाच.”

पुढे त्यांनी कुठलाच मुद्दा मांडला नाही, नुसता ग्लास माझ्यापुढे धरला. मी वाइन ओतली, आणि चिवड्याचा डबा माझ्याकडे ओढून घेतला.