मीटरबाई आणि झोप न लागणारी गाडी

मीटरबाईंचं खरं नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा नाही. पाटीवर 'गाड्यांची वायरिंग व बॅटरीची कामे' एवढंच आहे, तेही ऊन खाऊन फिकट झालेलं. त्यांना काहीही विचारा, बॅटरी गेली असेल का, अल्टरनेटर बिघडला असेल का, उत्तर एकच: "मीटर काय म्हणतो ते बघू." त्यावरून हे नाव पडलं. त्यांना ते ठाऊक आहे आणि त्याचा त्यांना राग नाही. राग ही गोष्ट त्यांच्याकडे कमीच. माझ्या नाकावर मात्र तो कायम बसलेला असतो. मी शाळेत गणित शिकवते, आणि पोरांनी पहिली ओळ लिहायच्या आत त्यांचं उत्तर चुकणार हे मला कळलेलं असतं. निदान मला तसं वाटतं.

मी त्यांच्याकडे गेले ती बाबांच्या गाडीमुळे. बाबांनी बत्तीस वर्षं बस चालवली. निवृत्तीनंतर दादाने त्यांना त्याची जुनी गाडी दिली. हिला चावी भोकात घालून फिरवायची नसते. चावी खिशात असली की दार उघडतं, आणि बटण दाबलं की इंजिन सुरू. दोन महिन्यांपूर्वी ही चावी तासभर सापडेना. आम्ही घर डोक्यावर घेतलं आणि ती निघाली भाजीच्या पिशवीत. बाबा ओशाळून हसले. पुढच्याच आठवड्यात गाडी सकाळी सुरू होईना. बॅटरी पार उतरलेली. धक्का मारून चालणारी ही गाडी नव्हे. शेजाऱ्यांच्या गाडीतून वायर जोडून ती उठवावी लागली. तीन दिवसांनी पुन्हा तेच. कोपऱ्यावरच्या फिटरने नवी बॅटरी बसवली, तीही उतरली. मग तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "वय झालंय त्यांचं. आतला दिवा चालू ठेवत असतील."

मला पटलं. दादाला फोनवर सांगितलं, त्यालाही पटलं. भाजीच्या पिशवीतली चावी, आणि आता हे. दादाने ठरवून टाकलं: रविवारी येऊन गाडी घेऊन जायची, बाबांनाही आपल्याकडे न्यायचं, डोक्याच्या डॉक्टरांना दाखवायचं आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावू द्यायचा नाही. मला वाटलं होतं बाबा आकाशपाताळ एक करतील. ते एवढंच म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटतं ते करा." भर रस्त्यात आडव्या आलेल्या ट्रकवाल्याला खाली उतरून जाब विचारणारा माणूस! त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. त्या एका वाक्यामुळे, रविवारच्या आत निदान कुणाला तरी दाखवावं म्हणून मी बुधवारी गाडी मीटरबाईंकडे नेली.

त्यांची एक गोष्ट तिथे बसणारा चहावाला प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवतो. दुकान आधी त्यांच्या भावाचं. बाई मागच्या खोलीत बसून स्टार्टरच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळायच्या. बोटांत तार धरली की किती जाडीची हे न मोजता सांगायच्या. एका नर्सबाईंची गाडी वर्षात तिसऱ्यांदा बॅटरी बदलायला आली तेव्हा या बाहेर आल्या, गाडीभोवती फेरी मारली, डिकी उघडून आत शिरल्या आणि भावाला म्हणाल्या, "झाकण लाव." भाऊ म्हणाला, "वेड लागलंय का तुला?" पण लावलं. आतून आवाज आला: "अरे, इथे दिवा जळतोय! मी वर्तमानपत्र वाचू शकते!" झाकण बंद झालं तरी डिकीतला दिवा विझतच नव्हता, आणि बाहेरून ते कुणाला दिसणार? त्या दिवसापासून बाई पुढे बसू लागल्या आणि भाऊ सुटे भाग आणायला जाऊ लागला. हे सांगताना चहावाला झाकणाचा धाडकन आवाज तोंडाने काढतो.

बुधवारी त्यांनी माझ्याकडून पहिली गोष्ट काय मागितली तर चावी. ती त्यांनी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला टेबलाच्या खणात टाकली. मग बॅटरीची काळी केबल सोडवून मधे, बंद गाडी किती वीज खाते ते दाखवणारा मीटर जोडला आणि उघड्या दाराच्या कुलुपात स्क्रूड्रायव्हर घालून ते वळवलं, म्हणजे गाडीला वाटावं, दार बंद झालं. म्हणाल्या, "आता बसा. दाराला हात लावायचा नाही."

"किती वेळ?"

"झोपेपर्यंत."

नव्या गाड्या, त्यांनी सांगितलं, बंद केल्यावर लगेच झोपत नाहीत. आतले छोटे छोटे मेंदू अर्धा-पाऊण तास आवराआवर करत असतात. तेवढ्यात कुणी दार उघडलं की सगळे पुन्हा जागे. मी वीस मिनिटं कळ काढली आणि मग मागच्या सीटवरच्या पर्समधला चष्मा घ्यायला मागचं दार उघडलं. मीटरचा आकडा टुणकन वर गेला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी पोरांना धारेवर धरते त्याचा शंभरावा हिस्साही त्या मला बोलल्या नाहीत, आणि तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाऊण तासाने आकडा खाली उतरून तीस मिलीअँपिअरवर थांबला. "झोपली. तब्येत उत्तम." गुरुवारी गाडी दिवसभर ठेवून घेतली, पुन्हा तीस. शुक्रवारी पुन्हा तीस. दुसरा कुणी असता तर 'गाडीत काही नाही' म्हणून मोकळा झाला असता, आणि त्याचा अर्थ आमच्या घरात एकच निघाला असता. बाई म्हणाल्या, "मला सापडलं नाही. गाडी कोण चालवतं? त्यांना घेऊन या."

शनिवारी सकाळी बाबा आले. बाईंनी त्यांना स्टूल दिलं आणि विचारलं, "काका, तुम्ही सांगा. कोणत्या दिवशी बंद पडते?"

दोन महिन्यांत आम्ही दोघा भावंडांनी हा प्रश्न त्यांना विचारला नव्हता. बाबांनी खिशातून छोटी वही काढली. बसवाल्याची सवय, रोजची नोंद. तारीख, दिवे बंद, दारं बंद, आणि दुसऱ्या सकाळचं 'चालू' नाहीतर 'बंद'. बाईंनी एकेक पान शांतपणे वाचलं. एके ठिकाणी बोट ठेवून विचारलं, "हे चार दिवस सलग चालू. तेव्हा काय वेगळं होतं?"

"ही परीक्षेच्या कामाला बाहेरगावी होती," बाबा माझ्याकडे बघत म्हणाले. मला ते चार दिवस आठवत होते. मी दादाला म्हटलंही होतं, बघ, मी नसते तेव्हा ते गाडीकडे फिरकतच नाहीत, म्हणून दिवा राहत नाही.

"ताई घरात नसतात तेव्हा चावी कुठे ठेवता, काका?"

"उशाखाली. ड्युटीवर असल्यापासूनची सवय. ही असली की मात्र खिळ्याला."

"कुठला खिळा?"

तो खिळा मी ठोकला होता. भाजीच्या पिशवीचा प्रकार झाल्यावर, दाराजवळ, भिंतीवर, वर कागद चिकटवून: 'चावी इथेच'. बाईंनी मीटर पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "घरी चला."

आमच्या घरी गाडी भिंतीला लागून उभी असते. भिंतीच्या बाहेर गाडीचं नाक, आत खिळा. मधे एका विटेची भिंत. बाईंनी सगळं पुन्हा जोडलं. फक्त या वेळी चावी माझ्याकडून काढून न घेता म्हणाल्या, "रोज टांगता तशी टांगा." मी टांगली. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. आकडा दोन अँपिअरच्या, म्हणजे दोन हजार मिलीअँपिअरच्या, खाली येईना. चावी मी स्वयंपाकघरात नेली, आणि हळूहळू तो तीस मिलीअँपिअरवर आला. पुन्हा खिळ्याला, पुन्हा दोन. गाडीला वाटत होतं, मालक हातभर अंतरावर उभा आहे, आता दार उघडेल, मग उघडेल. ती झोपणार कशी?

"चूक माझीही आहे," बाई म्हणाल्या. "गाडी आली की मी चावी आधी लांब नेऊन ठेवते. चांगली सवय म्हणून तीस वर्षं मिरवतेय. तिनेच तीन दिवस फसवलं मला." मग त्या बाबांकडे वळल्या, आणि हे मात्र त्यांनी मोठ्याने, सावकाश सांगितलं: "काका, तुम्ही दिवा एकदाही विसरला नाहीत. एकदाही नाही."

बाबा म्हणाले, "पुन्हा एकदा लावून दाखवता का?"

त्यांनी दाखवलं. दुपारचं जेवण राहिलं होतं, दुकान उघडं टाकून आल्या होत्या, तरी पुन्हा पाऊण तास बसून त्यांनी आकडा वर जाताना आणि खाली येताना दाखवला. बाबा मीटरवर वाकून बघत होते. बघता बघता, आमच्याकडे मान न वळवता, म्हणाले, "रोज संध्याकाळी मी माझ्या जुन्या मार्गाचे थांबे तोंडपाठ म्हणून बघायचो. एकतीस थांबे. एक चुकला नाही कधी. तरी वाटायचं, पोरं म्हणतायत म्हणजे जात असणार काहीतरी डोक्यातून."

ते पुटपुटणं मी ऐकलं होतं. दाराआडून ऐकलं होतं, आणि दादाला फोन करून सांगितलं होतं की आता ते एकटेच बडबडतात.

मी तिथेच त्यांची माफी मागितली. बाबा म्हणाले, "अगं, तू काळजीनेच केलंस ना." मला थोबाडीत बसली असती तरी एवढं लागलं नसतं.

मग त्यांनी चावी खिशात टाकली आणि बाईंना म्हणाले, "चला, दुकानापर्यंत सोडतो." बाई हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन पुढे त्यांच्या शेजारी बसल्या. मी मागे बसले. पहिल्या वळणावर बाईंनी विचारलं, "काका, तुमच्या मार्गाचा पहिला थांबा कुठला?" बाबांनी सांगायला सुरुवात केली. प्रत्येक थांबा, तिथलं झाड, तिथे रोज उशिरा धावत येणारा माणूस. मी दुकान येईपर्यंत रडत होते, आणि दोघांपैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही.