जाड दाणा, बारीक दाणा

गद्रेकाकांना दुकानात बसलेले मी कधी पाहिले नाही. कल्याणात त्यांचे परवान्याच्या बंदुकांचे आणि दारूगोळ्याचे दुकान होते. आत गादीची चांगली खुर्ची होती. काका मात्र दाराशी, कपाटाशी, परत दाराशी. रविवारी मी डोंबिवलीहून गप्पा मारायला जायचो आणि तासाभरात त्यांच्याकडे बघून मलाच दमायला व्हायचे.

ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू भरायची, जुनी रायफल असलेले गिऱ्हाईक आले की उलटतपासणी सुरू. "नळी केवढी? गोळी केवढी? शेवटची साफ कधी केलीत?" एकदा एकजण वैतागला, "काका, काळी दारू ती काळी दारू. कुठलीही द्या ना!" काका कडाडले, "लाडवाचा रवा आणि उपम्याचा रवा एकच का हो? बारीक दाणा भसकन पेटतो, तो लहान नळीला. मोठ्या नळीला जाड दाणा, सावकाश जळणारा. उलटं कराल तर नळी तोंडावर फुटेल!"

हे मी इतक्यांदा ऐकले होते की पाठ झाले होते. तरी घोळ घातला तो मीच.

शहाडच्या पलीकडे भातशेती करणारे म्हात्रेदादा आले होते. भातात डुकरे शिरत, म्हणून आजोबांची मोठ्या नळीची रायफल त्यांनी परवान्यासह सांभाळली होती. काकांनी परवाना पाहिला, नोंद केली, जाड दाण्याचा डबा बाहेर काढला आणि फोन आला म्हणून रस्त्यावर गेले. म्हात्रेदादांना घाई होती. मी शहाणपणा करून डबा उचलून दिला. शेजारचा.

काका आत आले आणि जागीच थांबले. "जाड दाण्याचा डबा अजून इथे कसा?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हात्रेदादांचा फोन लागेना. रिक्षात काका सारखे पुढे सरकत होते, "अरे, हाक ना रे जरा!"

शेतावर पोचलो तेव्हा म्हात्रेदादांनी माप भरून नळीच्या तोंडाशी नेले होते.

"ओतू नका! माप खाली ठेवा!" काका बांधावरूनच ओरडले.

"काय झाला काका?"

"डबा चुकीचा आहे. बारीक दाण्याचा. मीच चुकून काढून ठेवला होता."

मी तोंड उघडले. काकांनी माझे मनगट घट्ट दाबले आणि मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर मला तेवढेच निमित्त हवे होते.

त्यानंतर काकांनी काळी दारू विकणे बंद केले. मी हातापाया पडलो, तर म्हणाले, "डबा उघड्यावर सोडून बाहेर गेलो तो मी. तू चहा घे." मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि मी हळूहळू जायचाच बंद झालो.

गेल्या वर्षी काका गेले. स्मशानात म्हात्रेदादा भेटले. डोळे पुसत म्हणाले, "भला मानूस. उभ्या जन्मात एकच चूक केली त्यानी."

मी मान डोलावली.