साहेबांना पाठवा

मंजुळा कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांचं ऐकून घ्यायचं, पलीकडचा खेकसला तरी आपला आवाज चढू द्यायचा नाही, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. घरातही ती कुणावर ओरडत नसे. सासू मीराबाई शेजारणींना सांगायची, "आमच्या मंजुळेला राग येतो की नाही, ते मला अजून कळलं नाही." त्र्याण्णव साली ते सगळ्यांनाच कळलं, आणि तेही एका वॉशिंग मशीनपायी.

राहायला ते मोहन्याला. नवरा देवराम तिथल्याच रेयॉनच्या कारखान्यात. त्याच्या कपड्यांना कुजक्या अंड्यासारखा वास यायचा आणि दोनदा घासल्याशिवाय तो जायचा नाही. ड्यूटीवरून आल्यावर मोरीत बसून ते घासणं मंजुळाकडे. शेवटी तिनं पगारातून साठवून, कुणाला न विचारता, दोन टपांचं मशीन घरी आणलं. एका टपात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. "चैन आहे बुवा एकेकाची," देवराम म्हणाला. मीराबाई मात्र पाट घेऊन मशीनसमोर बसायची आणि ते थांबेपर्यंत उठायची नाही.

वर्षभरानं पिळायचा टप फिरेनासा झाला. मंजुळानं टेम्पो केला आणि मशीन कल्याणला, स्टेशनजवळ महिपतचं दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं नेऊन दिलं. महिपत बोलायला गोड. "वहिनी, काळजी सोडा. आठवड्यात घेऊन जा."

आठवडे गेले. ड्यूटी सुटली की मंजुळा दुकानात डोकवायची. मशीन कोपऱ्यात तसंच, पाठ उघडी, वर लोकांचे मिक्सर ठेवलेले.

"काय बिघडलंय त्याचं?" ती विचारायची.

"टेक्निकल आहे, वहिनी. साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो."

"मशीन माझं आहे. मला सांगा."

महिपत हसायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा.

अखेर सुट्टीच्या दिवशी देवराम गेला आणि मशीन घेऊनच आला. स्वारी खुशीत होती. "मोटर जळलेली. नवी टाकलीय. तू कपडे कोंबतेस म्हणाला. ओल्या साड्या दोन-दोन एकदम."

"त्यानं पाहिलं का मला कोंबताना?"

"अगं, त्याचा धंदा आहे तो. त्याला कळतं."

"आणि मला?"

देवरामनं पेपर उघडला. मंजुळा तिथंच उभी राहिली. महिपत परका, तो खोटं बोलला तर बोलला. पण ज्याचे कपडे घासून तिच्या बोटांची सालं निघाली होती, त्यानं दुकानदाराचं ऐकून तिला अडाणी ठरवलं आणि वर घरी येऊन तेच तिला ऐकवलं.

मशीन जेमतेम आठवडाभर चाललं. मग एका दुपारी करपल्याचा वास आला, धूर निघाला आणि मीराबाईनं धावत जाऊन बटण बंद केलं.

"पुन्हा कोंबलंस?" संध्याकाळी देवरामनं मंजुळाला विचारलं.

"कपडे मी टाकले होते," मीराबाई म्हणाली. "एक परकर नि दोन टॉवेल. आता मला बोल."

मंजुळानं ठाण्याहून कंपनीचा मेकॅनिक बोलावला, तोही देवराम घरी असेल अशा वेळी. त्यानं पाठ उघडली, बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, "ही मोटर कंपनीची नाही. कूलरची जुनी मोटर बसवलीय, तीही जळल्यावर तार नव्यानं गुंडाळून चालू केलेली. टप नुसता फिरत नव्हता ना? मग बहुतेक ब्रेक अडकला असणार. तुमची मोटर चांगलीच होती."

देवराम खाली बघत होता.

दुसऱ्या दिवशी मंजुळा दुकानात उभी. "माझी मोटर द्या."

"कुठली मोटर? वहिनी, तुमच्याशी काय बोलणार मी, साहेबांना..."

"साहेबांचं नाव काढू नका." तिचा आवाज एवढा चढला की रस्त्यावरची माणसं थांबली.

महिपत गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाला, "बायकांच्या हाती मशीन दिलं की असंच होतं." दोघंतिघं हसले. काउंटरवरचे मिक्सर ढकलून द्यावेत म्हणून मंजुळानं हात उचललाही. पण ते कुणा दुसऱ्या बायकांचे होते. ती तशीच बाहेर पडली.

मोटर काही परत मिळाली नाही. ठाण्याच्या मेकॅनिकनं नवी बसवली आणि मशीन फिरायला लागलं. पण देवरामचे कपडे त्यात पडेनात. मोरीत ढीग साचला, घरभर वास सुटला. तो स्वतः घासायला बसला. मंजुळा त्याला ओलांडून जायची, बोलायची नाही. एक दिवस साबणाच्या हातानंच तो म्हणाला, "चुकलं माझं."

"मला काय सांगता? जिथं बसून ऐकून घेतलंत, तिथं जाऊन सांगा."

"आता कशाला पुन्हा तो विषय?"

"विषय तुम्ही घरात आणलात."

रविवारी दोघं गेले. दुकानात गर्दी होती. देवरामनं घसा साफ केला. "माझ्या बायकोनं मशीन नीट वापरलं होतं. मोटर तुम्ही बदललीत. मी तुमचं खरं मानलं, ती चूक माझी."

"साहेब, आत या, बसून बोलू," महिपत म्हणाला.

"काय बोलायचं ते हिच्याशी बोला."

महिपतनं मंजुळाकडे पाहिलं. मग तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. गर्दीतल्या एका बाईनं आपला मिक्सर काउंटरवरून उचलून परत पिशवीत घातला.

बाहेर आल्यावर देवरामनं विचारलं, "झालं आता समाधान?"

"नाही," मंजुळा म्हणाली आणि त्याच्या पुढं चालू लागली.