पाहून राहिली

चंपतराव कॉलेजात मराठी शिकवत, तेही इतक्या छापील भाषेत की पोरं मागे त्यांना ‘पुस्तकराव’ म्हणत. घरी मात्र सायकल भिंतीला टेकवली की सरांची जीभ सरळ गावच्या वळणावर जाई. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या त्या दोन खोल्यांत बायकोचं, मनकर्णाचं राज्य होतं, आणि तिच्या राज्यात ‘मला’ला ‘मले’च म्हणत.

मनकर्णा गेली ती बहात्तर साली. घरात भांडायलाही कुणी उरलं नाही, तेव्हा दोनेक वर्षांनी त्यांनी एक लेख लिहायला घेतला. विषय, नागपुरी बोलीतलं ‘राहणे’. पुण्याच्या एका संशोधन त्रैमासिकाकडे तो पाठवायचा होता. उदाहरणांसाठी त्यांना गावोगाव हिंडावं लागलं नाही. डोळे मिटले की मनकर्णा बोलू लागे. खरं तर लेख हे निमित्त. तिचं बोलणं जसंच्या तसं छापून यावं, एवढीच त्यांची आस होती. त्यातलं एक वाक्य त्यांचं फार लाडकं. उशीर झाला की ती दारातूनच म्हणे, “कुठं होते जी? मी वाट पाहून राहिली.”

त्रैमासिकाला टंकलिखित प्रतच लागे, म्हणून ते महाल भागात टायपिंगची कामं घेणाऱ्या सिंधूताईंकडे कागद देऊन आले. बाईंचं काम मोत्यासारखं, पण शुद्धलेखनाचा सोस दांडगा. संध्याकाळी चंपतराव तिथेच बसून प्रत तपासू लागले आणि त्या वाक्यापाशी अडले. तिथे होतं, ‘मी वाट पाहत राहिले.’

“हे काय केलं?”

“शुद्ध केलं, सर. पुण्याला जायचंय ना.”

चंपतराव वर्गात समजावतात तसं समजावू लागले. ‘पाहत राहिले’ म्हणजे वाट पाहिली, झालं, सरलं. ‘पाहून राहिली’चं रूप तेवढं भूतकाळाचं, अर्थ आत्ताचा, या घडीचा. सांगता सांगता ते वाक्य त्यांनी दोन-तीनदा म्हटलं. इतके दिवस तळटीपांत बांधून ठेवलेलं दुःख एका क्रियापदाशी येऊन सुटलं. मनकर्णाची अशी काही आठवण आली की त्यांना खुर्चीचा हात घट्ट धरावा लागला.

सिंधूताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. व्याकरणापायी माणूस इतका हळवा होतो याचंच त्यांना नवल वाटलं. पण त्यांनी निमूटपणे नवा कार्बन घातला आणि अख्खं पान पुन्हा टाइप केलं. तोवर गल्लीत दिवे लागले होते. कागद पिशवीत घालून देताना त्या सहज म्हणाल्या, “बराच उशीर झाला, सर. घरी बाई वाट पाहत असतील.”

चंपतराव दारात थांबले. कॉलेजातली भाषा त्यांना ऐन वेळी आठवली नाही.

“हो,” ते म्हणाले. “वाट पाहून राहिली.”

या खेपेला सिंधूताईंनी वाक्य सुधारलं नाही.