दगडूभाऊंचं पडणं

निवृत्त कारकुनाकडे दोनच गोष्टी साठतात, औषधं आणि किस्से. औषधं निदान एक्स्पायर तरी होतात!

ऐंशीच्या दशकात धुळ्यात दर हिवाळ्यात फ्री-स्टाईल कुस्तीचा तंबू लागायचा. मैदानाचा परवाना माझ्या टेबलावरून जायचा, म्हणून मालक नानांशी ओळख. त्यांचा स्टार म्हणजे शैतानसिंग. खरं नाव दगडूभाऊ, धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमधले हमाल. दारातून आडवे होऊन आत यायचे.

मी एकदा विचारलं, "नाना, एवढा पहाड रोज त्या बारक्या बाळूकडून हरतो कसा?"

"साहेब, बारका पडला तर कोण बघतो? मोठा पडताना बघायलाच पब्लिक येतं. तुमच्या मोठ्या साहेबांची बदली झाली तेव्हा तुम्ही पेढे नाही वाटले?"

पेढे वाटले होते.

*

त्या पडण्याला शिस्त होती. आधी उजवा गुडघा टेकायचा. मग पब्लिककडे अविश्वासाने बघायचं. मग सगळा देह धाडकन फळ्यांवर! आवाज यावा म्हणून फळ्या मुद्दाम सैल ठेवलेल्या. हाडांची तशी सोय नव्हती.

*

तंबू एकदा नरडाण्याला गेला, तिथे एक म्हातारी चप्पल घेऊन थेट रिंगणात चढली. "मेल्या, त्या पोऱ्याले काबर मारी राह्यना?"

शैतानसिंग चटकन तिच्या पाया पडला!

नाना पडद्याआड कडाडले, "राक्षस पाया पडतो का रे कुठे?"

"माय शे ती, नाना."

"राक्षसाला माय नसते!"

*

एकदा दगडूभाऊ चुकून बाळूवर पडले. बाळूची बरगडी मोडली. तेव्हापासून ते सगळं वजन स्वतःच्या गुडघ्यावर घ्यायला लागले. गुडघा टरबुजाएवढा झाला.

डॉक्टरांनी विचारलं, "यावर काय पडलं?"

"मीच."

*

मग त्यांच्या मुलीला जामनेरकडचं स्थळ आलं. केळीचे बागायतदार. मुलाचे वडील म्हणाले, "बाकी सगळं पसंत आहे. पण व्याही रोज गावादेखत हरतो. आम्ही तोंड कुठे दाखवायचं?"

"शनिवारी बघायला या," दगडूभाऊ म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा नानांकडे काही मागितलं. "एक दिवस जिंकू द्या."

नाना कुरकुरत तयार झाले. बाळू म्हणाला, "भाऊ, पोरीसाठी मी जन्मभर हरीन!"

शनिवारी पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर, माझ्या शेजारी. दगडूभाऊंनी बाळूला डोक्यावर उचललं. तंबू चिडीचूप. आता फक्त आपटायचं.

वरून बाळू कुजबुजला, "भाऊ, टाका ना!"

दगडूभाऊंनी त्याला हळूच, झोपलेलं लेकरू ठेवावं तसं खाली ठेवलं. ठेवता ठेवता उजवा गुडघा टेकला. या वेळी त्यांनी पब्लिककडे पाहिलं नाही. सगळा देह फळ्यांवर!

काय शिट्ट्या! सगळ्यांत जोरात टाळ्या मुलाच्या वडिलांच्या. वाजवून झाल्यावर ते उठले, दारावरच्या माणसाकडे "सोयरीक नको" एवढा निरोप ठेवला आणि जीपमध्ये बसले.

मी पडद्यामागे गेलो. दगडूभाऊंना निरोप पोचला होता. ते जमिनीवर बसून होते. तेवढ्यात नाना धावत आले. डोळ्यांत पाणी.

"दगडू, असं पडता येतं तुला? आणि इतकी वर्षं लपवून ठेवलंस? उद्यापासून हेच!"